गाडीला इंटरलॉक बसलंय? या चुका टाळा

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुलावर दारू पिऊन गाडी चालवल्याची, म्हणजे डीयूआयची केस झाली की दादर-मुलुंडच्या घरात आधी वकिलाची चर्चा होते, मग व्हिसाची. गाडीत बसवलेल्या इंटरलॉकचा, म्हणजे श्वासातली दारू तपासल्याशिवाय गाडी सुरू न होऊ देणाऱ्या यंत्राचा, विचार कोणी करत नाही. पण पुढचे कित्येक महिने खरा त्रास तेच देतं, आणि बऱ्याचदा दारूला हातही न लावलेल्या माणसाला.

इथल्या अनुभवावरून तिकडे सल्ला देणं ही पहिली चूक. मुंबईत नाकाबंदीत सापडलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिग्रॅ. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दोषी ठरल्यास किमान सहा महिने लायसन्स बंद. गाडीला यंत्र बसवायची शिक्षा आपल्या कायद्यात नाही. तिकडे सगळ्या ५० राज्यांत इंटरलॉकचे कायदे आहेत आणि अनेक राज्यांत पहिल्याच गुन्ह्याला ते बसतं. खर्च चालकाचा. नळीत फुंकल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, आणि प्रत्येक फुंकरीची नोंद यंत्रात राहते. किती मुदतीसाठी, कोणते नियम, हे राज्यागणिक बदलतं. यंत्र बसवायच्या आपल्या ऑर्डरवर लिहिलंय तेच धरा.

‘लिमिटच्या खाली आहे’ हा हिशेब

अमेरिकेत गुन्ह्याची मर्यादा बहुतेक राज्यांत ८० मिग्रॅ आहे. इंटरलॉक मात्र साधारण २० मिग्रॅवरच अडवतं, म्हणजे आपल्या ३० च्याही खाली. शरीर तासाला सरासरी १५ मिग्रॅच्या आसपास अल्कोहोल जाळतं. रात्री बाराला रक्तात १२० असेल तर २० वर यायला सकाळचे पावणेसात वाजतात. वेग तासाला १० चा असेल तर दहा. झोप, कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. सकाळी ऑफिसला निघताना फेल होणारे बहुतेक इथेच फसतात. यंत्र असेपर्यंत पिणं पूर्ण बंद ठेवणं हाच यातला निर्धोक मार्ग, आणि अनेक ऑर्डरमध्ये तशी अटही असते.

मुंबईहून आलेली औषधाची बाटली

न पिता फेल होण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे तोंडातलं अल्कोहोल. माऊथवॉश, काही कफ सिरप हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण आईनं बॅगेत घालून दिलेलं दशमूलारिष्ट, द्राक्षासव किंवा कुमारी आसव कोणाच्या लक्षात येत नाही. आसव-अरिष्टांत आंबवताना तयार झालेलं अल्कोहोल असतंच. लेबल नीट वाचलं तर तसं लिहिलेलं दिसतं. होमिओपॅथीचे मदर टिंक्चरचे थेंब तर अल्कोहोलमध्येच बनवतात. हाताला लावलेलं सॅनिटायझर आणि बंद गाडीत मारलेला डिओसुद्धा आकडा दाखवू शकतात.

फेल आलं तर घाबरून गाडी सोडून जाऊ नका. पाण्यानं दोनदा खळखळून चूळ भरा, काचा उघडा, १५ मिनिटं थांबा, त्या वेळात काही खाऊ-पिऊ नका आणि पुन्हा फुंका. याचं कारण समजून घ्या. तोंडातलं अल्कोहोल १५ मिनिटांत उडून जातं, त्यामुळे ४५ चा आकडा थेट शून्यावर येतो. रक्तातलं असतं तर तेवढ्या वेळात फार तर चार-पाचनं उतरलं असतं. दुसरी फुंकर नोंदलेली असेल तर वकिलाला हा फरक दाखवता येतो. नसेल तर रेकॉर्डवर फक्त ‘फेल’ उरतं. काय घेतलं होतं, किती वाजता, हे तिथेच लिहून बाटलीच्या लेबलचा फोटो काढून ठेवा.

बायको किंवा मित्र गाडी चालवत असेल तर त्यांनाही फुंकावं लागतं, आणि त्यांचा फेल तुमच्याच नावावर चढतो. कॅमेरा असलेल्या यंत्रात निदान कोण फुंकत होतं ते दिसतं.

चालत्या गाडीतली चाचणी

निघाल्यावर काही मिनिटांनी आणि मग अधूनमधून यंत्र पुन्हा फुंकायला सांगतं. चुकलं तर इंजिन बंद पडेल ही भीती खोटी आहे. चालत्या गाडीचं इंजिन ते बंद करत नाही. काही मिनिटांची मुदत मिळते, तेवढ्यात गाडी बाजूला घ्या आणि फुंका. मुदत टळली तर हॉर्न किंवा दिवे सुरू होतात आणि चाचणी चुकवल्याची नोंद होते. नेमकी बीप वाजल्यावर पेट्रोल भरायला उतरणं हाही बऱ्याच यंत्रांत चुकवण्यातच जमा होतं. आधी फुंका, मग उतरा.

दुसरी गाडी, आपलं लायसन्स

बंधन माणसावर असतं, एका गाडीवर नाही. भाड्याची किंवा मित्राची बिनयंत्राची गाडी चालवणं हा नवा गुन्हा ठरू शकतो. अंधेरी किंवा ताडदेव आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून नेण्याचा सल्ला नातेवाईक हमखास देतात. तो मानू नका. त्या राज्यानं गाडी चालवायचा हक्कच मर्यादित केलेला असतो. भारतीय लायसन्सनं तो परत मिळत नाही.

मुंबईची फेरी

इथे सगळ्यात महागात पडतं. यंत्राची सर्व्हिस आणि कॅलिब्रेशन साधारण ३० ते ६० दिवसांनी करावंच लागतं. तारीख हुकली की लॉकआउट, म्हणजे गाडी सुरूच होत नाही, मग ती टो करून न्या. त्यात डीयूआयच्या अटकेवरून, शिक्षा व्हायच्या आधीही, अमेरिकी व्हिसा रद्द होऊ शकतो. तिथे असेपर्यंत नुसत्या त्यानं राहण्याच्या स्टेटसला बहुतेकदा धक्का लागत नाही, पण मुंबईला आलात तर परतीसाठी बीकेसीच्या कॉन्सुलेटमधून नवा व्हिसा लागतो, आणि त्यात नेमून दिलेल्या डॉक्टरची तपासणी येते. तीन आठवड्यांची सुट्टी अशी सहज लांबते. फॉर्ममध्ये अटकेचा प्रश्न असतो. खरं उत्तर द्या आणि कोर्टाच्या निकालाची प्रमाणित प्रत सोबत आणा.

म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात सर्व्हिस करून घ्या. प्रवासाच्या तारखा इंटरलॉकच्या कंपनीला आणि देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला ईमेलनं कळवा आणि मुक्काम लांबला तर काय करायचं याचं उत्तर लेखी मागा. यंत्र गाडी बंद असतानाही बॅटरी खातं. विमानतळाच्या पार्किंगमध्ये महिनाभर उभ्या गाडीची बॅटरी बसते, आणि वीज तुटली की छेडछाडीची नोंद होऊ शकते. घरी बॅटरी मेंटेनर, म्हणजे बॅटरी सतत चार्ज ठेवणारं उपकरण, लावता येत असेल तर ते लावून जा. गॅरेजवाल्यानं बॅटरी काढण्याआधी कंपनीला फोन करा, तारीख-वेळ असलेली पावती जपा. परत आल्यावर बॅटरी बसलेली दिसली तर स्वतः जंप स्टार्ट करत बसू नका, आधी हेल्पलाइन. आणि विमानात वाइन घेतली असेल तर विमानतळावरून घरी टॅक्सीनं जा.