पित्ताची गोळी वर्षानुवर्षे चालू आहे? या चुका टाळा

"लई जळजळतंय, पित्ताची एक पट्टी द्या." सोलापुरातल्या कुठल्याही मेडिकलवर हे दिवसभर ऐकू येतं. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या गोळ्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत, तरी सर्रास मिळतात. पहिली चूक तिथेच होते. गोळी कशासाठी सुरू झाली, हे घरात कुणालाच आठवत नाही.

बऱ्याचदा ती दुखण्याच्या गोळीसोबत आलेली असते. दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बाईची कंबर धरते, डायक्लोफेनॅक सुरू होतं आणि पोट सांभाळायला पित्ताची गोळी जोडली जाते. पुढे डायक्लोफेनॅक बंद होतं, पित्ताची गोळी मात्र चालूच राहते. साध्या जळजळीला सहसा चार ते आठ आठवडे पुरतात. त्यानंतर "अजून घ्यायची का?" हे डॉक्टरांना आपणच विचारावं. सोबत डॉम्पेरिडोन हे मळमळ-उलटीचं औषध असलेली जोडगोळी तर महिनोन् महिने घेऊच नये, त्याने हृदयाची लय बिघडू शकते.

उलटी चूकही तितकीच महागात पडते. मोबाइलवर 'किडनी जाते' असा मेसेज वाचून काहीजण गोळी एकदम टाकून देतात. अल्सरमधून पूर्वी रक्तस्राव झालेला असेल, स्टेंटनंतर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असतील किंवा अन्ननलिकेला मोठ्या जखमा असतील, तर गोळीचा फायदा धोक्यापेक्षा मोठा आहे. मनाने बंद करू नका. (क्लोपिडोग्रेलसोबत ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल टाळतात, एवढं विचारून घ्या.)

मग धोका किती? किडनी, हाडं, स्मृतिभ्रंश यांबद्दलचा बराचसा पुरावा नुसत्या निरीक्षणांतून आलेला आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कम्पास चाचणीत 17,598 रुग्णांना सुमारे तीन वर्षं पॅन्टोप्राझोल किंवा औषध नसलेली खोटी गोळी दिली होती. ठळक फरक दिसला तो आतड्याच्या संसर्गात, पॅन्टोप्राझोल घेणाऱ्यांत 1.4 टक्के, खोटी गोळी घेणाऱ्यांत 1 टक्का. घाबरण्यासारखं हे नाही. पण तीन वर्षं म्हणजे पंधरा वर्षं नव्हे, आणि किडनीला अचानक सूज येण्याचा प्रकार विरळा असला तरी खरा आहे.

आपल्याकडे मला जास्त काळजी वाटते ती बी-12 ची. अन्नातलं बी-12 सुटं व्हायला आम्ल लागतं. त्यात माणूस शाकाहारी, शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू आणि वर ही गोळी, म्हणजे तिन्ही बाजूंनी कमतरता. तळपायाला मुंग्या आल्या की "शुगरमुळे असेल" म्हणून सोडून देतात. दोन-तीन वर्षं गोळी चालू असेल तर बी-12 तपासून घ्या. पायात गोळे येत असतील तर मॅग्नेशियमही.

घेण्याची वेळही चुकते. जेवल्यावर घेतली तर तिचा उपयोग कमी होतो. नाश्त्याच्या अर्धा तास आधी, न चावता, न फोडता घ्या.

बंद करताना मात्र घाई नको. 2009 च्या एका डॅनिश अभ्यासात पोटाचा काहीही त्रास नसलेल्या लोकांना आठ आठवडे गोळी दिली. ती थांबवल्यावर त्यांतल्या 44 टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर असा त्रास झाला. दाबून ठेवलेलं आम्ल काही आठवडे उसळतं. माणसाला वाटतं आजार परतला, आणि पट्टी पुन्हा घरात येते. म्हणून डॉक्टरांना विचारून डोस अर्धा करा (गोळी फोडून नव्हे, कमी ताकदीची घेऊन), मग दिवसाआड, मध्ये जळजळलं तर अँटासिड किंवा फॅमोटिडिन ही आम्ल कमी करणारी वेगळी गोळी.

आणि दोष फक्त काळ्या मसाल्याला देऊ नका. रात्री अकराला मटण-भाकरी रिचवून लगेच आडवं होणं, वर तंबाखू, हे त्याहून वाईट. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा, पलंगाची डोक्याकडची बाजू विटा लावून उचला.

गिळताना अडकणं, काळी शी, रक्ताची उलटी, वजन घटणं यांपैकी काही दिसलं तर पट्टी मागू नका, दुर्बिणीची तपासणी करून घ्या. छातीत जळजळ आणि सोबत घाम, धाप किंवा डाव्या हातात कळ असेल, तर मेडिकल नव्हे, थेट हॉस्पिटल गाठून ईसीजी काढा.