खाजनातील मानशी मोजताना: ज्युपिटर नोटबुकमध्ये जिओपांडास कसे वापरावे

गोव्यातील एखाद्या गावातील झरी, तळी, खाजनाचे (भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीचे) बांध आणि त्या बांधांतील मानशी (पाणी आत-बाहेर सोडणारी दारे) यांची ठिकाणे मोबाइलवर नोंदवणे आज कोणालाही जमते. अवघड असते ते त्या नोंदींतून भरवशाचे उत्तर काढणे. कोणत्या तालुक्यात किती मानशी आहेत, त्यांपैकी किती नदीपासून ५०० मीटरच्या आत आहेत, असे साधे वाटणारे प्रश्न पायथनच्या जिओपांडास या नकाशांची माहिती हाताळणाऱ्या लायब्ररीने ज्युपिटर नोटबुकमध्ये सोडवता येतात, आणि प्रत्येक पायरी तिच्या निकालासह नोटबुकात राहत असल्यामुळे ती दुसऱ्यालाही तपासता येते. ग्रामसभेसमोर आकडा मांडायचा असेल, तर ही सोय मला नकाशाच्या देखणेपणापेक्षा कितीतरी मोलाची वाटते. वाचकाला पायथनची आणि पांडासच्या तक्त्यांची प्राथमिक ओळख आहे, असे येथे गृहीत धरले आहे.

सुरुवातीला कोंडा-फोर्ज या पॅकेज-भांडारावरून एक स्वतंत्र एन्व्हायर्न्मेंट (लायब्रऱ्यांचा वेगळा संच) तयार करावे आणि त्यात जिओपांडास, फोलियम, मॅपक्लासिफाय व ज्युपिटरलॅब एकाच वेळी बसवावे. जिओपांडास ही जीडाल, जिऑस आणि प्रोज या जुन्या लायब्रऱ्यांवर उभी आहे. त्यांच्या आवृत्त्या परस्परांशी जुळल्या नाहीत तर त्रास होतो, आणि एकत्र बसवल्याने तो बहुधा टळतो.

मानशींची यादी सहसा सीएसव्ही फाइलमध्ये असते. ती पांडासने वाचून ‘पॉइंट्स_फ्रॉम_एक्सवाय’ या फंक्शनने बिंदू तयार करावेत. मात्र या फंक्शनला आधी रेखांश आणि मग अक्षांश द्यावा लागतो, आणि बोलताना आपण नेमके उलट बोलतो. गोवा साधारणपणे ७३.७ ते ७४.३ पूर्व रेखांश आणि १४.९ ते १५.८ उत्तर अक्षांश यांच्या दरम्यान आहे. क्रम उलटला तर पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या साऱ्या मानशी नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या थंड समुद्रात जाऊन पडतात. म्हणून बिंदू तयार झाल्याबरोबर ‘एक्सप्लोर’ चालवून ते नकाशावर डोळ्यांनी पाहावेत.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि माझ्या अनुभवात बहुतेक चुका येथेच होतात. प्रत्येक थराला (नकाशावरील एका प्रकारच्या नोंदींच्या संचाला) एक निर्देशांक प्रणाली असते, तिला सीआरएस म्हणतात. मोबाइलवरील नोंदी डब्ल्यूजीएस ८४ मध्ये, म्हणजे ईपीएसजी या प्रणालींच्या यादीतील क्रमांक ४३२६ मध्ये असतात आणि त्यांचे एकक अंश असते. अंशांत क्षेत्रफळ काढले तर संपूर्ण गोव्याचे उत्तर ०.३१ च्या आसपास येते. जिओपांडास तेव्हा इशारा देते, पण आकडा तरीही छापते. मोजमापासाठी थर मीटरच्या प्रणालीत न्यावा लागतो, आणि गोव्यासाठी ती यूटीएम या जगाचे पट्टे पाडणाऱ्या प्रणालीचा ४३ उत्तर विभाग, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ ही आहे. त्या प्रणालीत गोव्याचे ३,७०२ चौरस किलोमीटर क्षेत्रफळ अवघ्या दोनेक चौरस किलोमीटरच्या फरकाने मिळते. याउलट वेबवरील नकाशांची ईपीएसजी ३८५७ ही प्रणाली मीटरचीच असल्याने फसवी ठरते, कारण आपल्या अक्षांशावर ती क्षेत्रफळ सुमारे ८ टक्क्यांनी फुगवते आणि गोवा ४,००० चौरस किलोमीटरचा होतो. इतका फरक डोळ्यांना जाणवत नाही, म्हणून राज्याचे एकूण क्षेत्रफळ आधी काढून ज्ञात आकड्याशी ताडून पाहण्याची सवय लावावी.

येथे ‘सेट_सीआरएस’ आणि ‘टू_सीआरएस’ यांतील भेद पक्का ध्यानात ठेवावा. पहिले फक्त नाव चिकटवते, आकडे बदलत नाही. दुसरे प्रत्येक निर्देशांक नव्या प्रणालीत रूपांतरित करते. शेपफाइल या नकाशाच्या फाइलप्रकारासोबतची, प्रणाली सांगणारी पीआरजे फाइल हरवली असेल आणि थर मुळात कोणत्या प्रणालीत आहे हे खात्रीने ठाऊक असेल, तेव्हाच पहिले वापरावे. अंशांतील थराला ‘सेट_सीआरएस’ने ३२६४३ हे नाव बळेच दिले, तर सारा गोवा एक मीटरही रुंदी नसलेल्या ठिपक्यात गोळा होतो.

तालुक्यांच्या सीमांचा थर घेताना तो कोणत्या काळातील आहे हे पाहावे. २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत गोव्याचे ११ तालुके आहेत. धारबांदोडा त्यानंतरच्या नकाशांत बारावा म्हणून येतो आणि त्याचा मोठा भाग पूर्वी सांग्यात होता. त्या जनगणनेत फोंडा उत्तर गोव्यात मोजला गेला, पुढे तो दक्षिण गोव्यात गेला. जुना तक्ता नव्या सीमांना जोडल्यास सांग्याचे आकडे चुकतात. शिवाय बार्देश, तिसवाडी, सासष्टी यांची रोमन स्पेलिंगे प्रत्येक कार्यालयात वेगळी आढळतात, त्यामुळे तक्ते नावावरून न जोडता जनगणनेच्या सांकेतिक क्रमांकांवरून जोडावेत.

आता बिंदू तालुक्यांना जोडण्यासाठी ‘एसजॉइन’ वापरावे. दोन्ही थर ३२६४३ मध्ये आणावेत आणि ‘हाऊ’ या पर्यायाला ‘लेफ्ट’ द्यावे. हा पर्याय न दिल्यास कोणत्याही तालुक्यात न बसणारे बिंदू गुपचूप गळून पडतात, आणि मानस ही तर खाडीच्या काठावरच असते. सीमारेषा थोडी आत काढलेली असली तर मानस पाण्यात दिसते. माझ्या पहिल्या तक्त्यात दिवाडी आणि चोडण या बेटांवरील कित्येक मानशी अशाच नाहीशा झाल्या होत्या, आणि एका ज्येष्ठ शेतकऱ्याने स्वतःच्या बांधावरील मानस कुठे आहे असे विचारले तेव्हा ते उघड झाले. रिकामे राहिलेले बिंदू आधी मोजावेत, मग ‘एसजॉइन_निअरेस्ट’ने १०० मीटरसारखी कमाल मर्यादा घालून त्यांना जवळचा तालुका द्यावा आणि असे किती बिंदू होते हे नोटबुकात लिहून ठेवावे.

नदीपासूनच्या अंतरासाठी बफर (ठरावीक अंतराचा पट्टा) काढून आत-बाहेर पाहण्यापेक्षा थेट अंतर काढणे मला अधिक योग्य वाटते, कारण मर्यादा पुढे ५०० वरून ३०० मीटर करायची झाली तर गणित पुन्हा करावे लागत नाही. नदीचे सर्व भाग ‘युनियन_ऑल’ने एकत्र करून ‘डिस्टन्स’ चालवावे. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये नदीची मध्यरेषा आणि पाण्याचा विस्तार हे दोन वेगळे प्रकार असतात. जुवारीच्या मुखाशी मध्यरेषेपासून ५०० मीटर गेले तरी आपण पाण्यातच असतो, म्हणून येथे पाण्याचा विस्तारच घ्यावा.

खाजनाची उंचीही याच नोटबुकात रास्टरिओ या जाळीच्या स्वरूपातील थर वाचणाऱ्या लायब्ररीने काढावी, असा मोह होईल. फेब्रुवारी २००० मधील एसआरटीएम या अवकाशातून रडारने उंची मोजणाऱ्या मोहिमेचा उंचीचा थर सहज मिळतो, पण त्याची जाळी सुमारे ३० मीटरची आहे, उंची पूर्ण मीटरमध्ये दिली आहे आणि रडारने खारफुटीचे व माडांचे शेंडे बऱ्याच अंशी जमीन म्हणूनच मोजले आहेत. भरतीच्या पातळीखालील जमीन त्यावरून ठरवू नये. सत्तरीतील डोंगरउतारांसाठी तो खुशाल वापरावा.

निकाल साठवताना शेपफाइल टाळावी. तिच्यात स्तंभाचे नाव १० बाइटांपुरतेच मावते आणि देवनागरीचे एकेक चिन्ह ३ बाइट घेते, त्यामुळे ‘तालुका’ हा शब्दही पुरा राहत नाही. जिओपॅकेज या फाइलप्रकाराला ही अडचण नाही. मॅटप्लॉटलिब या चित्रे काढणाऱ्या लायब्ररीच्या बहुतेक आवृत्त्या देवनागरीची जुळणी नीट करत नाहीत, ‘डिचोली’ची पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन पडते, म्हणून मराठी नावांचा नकाशा हवा असेल तर ‘एक्सप्लोर’ने ब्राउझरमध्ये काढावा.

नोटबुक कोणाला देण्यापूर्वी कर्नल (कोड चालवणारी प्रक्रिया) पुन्हा सुरू करून सर्व कप्पे (नोटबुकातील कोडचे तुकडे) वरून खाली एकदा चालवावेत. काम करताना कप्पे मागेपुढे चालवले जातात आणि पुसलेल्या कप्प्यातील व्हेरिएबल स्मृतीत तसेच राहते, त्यामुळे पडद्यावरचा आकडा कधी कधी नोटबुकातील कोणत्याच कप्प्यातून आलेला नसतो. मूळ थराचे नाव कधीही पुन्हा वापरू नये. रूपांतरित थराला ‘मानशी_मीटर’ असे वेगळे नाव द्यावे, म्हणजे वाचणाऱ्याला एकक कोणते आहे हे नावातच दिसेल.