क्रीम घेण्याआधी मागची बारीक अक्षरं वाचा

पिंपल्स येणाऱ्या त्वचेसाठी ‘ऑइल-फ्री’ म्हणून आणलेल्या क्रीमनेही कपाळावर बारीक पुटकुळ्या उठू शकतात. माझ्या मुलीच्या बाबतीत हेच झालं. डबी उलटून घटकांची यादी पाहिली, तर पाण्यानंतर तिसरंच नाव होतं आयसोप्रोपिल मायरिस्टेट. मायरिस्टिक या स्निग्ध आम्लापासून बनणारा हा घटक क्रीमला तो छान रेशमी, न चिकटणारा स्पर्श देतो, पण काहींच्या त्वचेची रंध्रं त्याने बुजतात.

तेव्हापासून मी दुकानातच एवढं करते:

१. मागच्या अक्षरांचा मोबाइलवर फोटो काढून झूम करते.
२. पहिल्या पाच-सहा नावांत आयसोप्रोपिल मायरिस्टेट किंवा त्याच्याच जातीचं आयसोप्रोपिल पामिटेट दिसलं की डबी परत ठेवते. यादी जास्त प्रमाणाकडून कमीकडे जाते, त्यामुळे अगदी शेवटी असेल तर एवढं मनावर घेत नाही.
३. नवीन क्रीम आधी फक्त जबड्याच्या कडेला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी, रोज रात्री, निदान तीन आठवडे. दोन दिवसांत काही कळत नाही. बंद रंध्राचा दाणा वर यायला वेळ लागतो.

सनस्क्रीन आणि फाउंडेशनची यादीही अशीच बघा, ती तर दिवसभर चेहऱ्यावर असतात. फेसवॉशची एवढी काळजी नको, तो धुऊन जातो.

एक मात्र सांभाळा. डॉक्टरांनी पिंपल्ससाठी दिलेल्या ट्रेटिनॉइन या औषधाच्या काही क्रीममध्येही आयसोप्रोपिल मायरिस्टेट असतं. नाव दिसलं म्हणून ते औषध आपल्या मनाने बंद करू नका, आधी त्यांना विचारा.