शेवटच्या दहा मैलांतली धांदल: उपाय दहा मैल आधीच

छोटं विमान चालवत चांदवडच्या डोंगरांकडून नाशिकजवळच्या ओझर विमानतळावर येताना उंची कमी करणं, रेडिओ, चेकलिस्ट आणि धावपट्टी शोधणं ही सगळी कामं एकदम अंगावर यायची. मूळ चूक एकच होती: उंची कमी करायला उशीर.

आता आकडे जमिनीवरच काढून गुडघ्यावरच्या पॅडवर लिहितो. नाशिकची जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फूट; सर्किट (उतरण्याआधी धावपट्टीभोवती घालायचा ठरलेला फेरा) त्यावर १,००० फूट, म्हणजे क्यूएनएचवर (समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणाऱ्या दाबाच्या सेटिंगवर) अल्टिमीटर, म्हणजे उंचीमापक, ३,०००च्या आसपास दाखवणार. (नवशिके हीच बेरीज विसरतात.) ५,५०० फुटांवरून येत असलो तर २,५०० फूट खाली यायचं. मिनिटाला ५०० फुटांनी ५ मिनिटं. वारा नसताना ग्राउंडस्पीड (जमिनीच्या मानाने वेग) ९० नॉट, म्हणजे तासाला ९० नॉटिकल मैल, असेल तर ५ मिनिटांत साडेसात नॉटिकल मैल. स्थिरावायला अडीच मैल धरा, म्हणजे विमानतळ दहा मैलांवर असताना उंची कमी करायला सुरुवात. पाठीमागून १५ नॉट वारा असेल तर सव्वा मैल आधी.

विमानतळ पंधरा मैलांवर येण्याआधी रेडिओवर हवामान ऐकून, रेडिओवर बोलायचं वाक्य लिहून, चेकलिस्ट उरकून टाकायची. त्यानंतर डोकं खाली घालायचं नाही, नजर बाहेर. टॉवर मध्येच बोलला तरी आधी विमान सांभाळा, मग उत्तर द्या. गरज पडली तर ‘स्टँडबाय’ (थांबा, नंतर बोलतो) म्हणा. उन्हाळ्यात दुपारी हवा फार हलते, तेव्हा पेन्सिलसुद्धा धरवत नाही. मोकळ्या चौकोनांत फक्त आकडा भरता येईल असा कागद घरूनच आखून न्या.