आगोटीआधी आटपायचं काम : फ्लॅटमधलं छोटं स्वयंपाकघर मोकळं करताना

कोकणात स्वयंपाकघराचं काम काढायचं तर पहिली तयारी कॅलेंडरची. दिवाळी झाली, भिंतींतली पावसाची ओल उतरली की गवंडी लावावा आणि शिमग्याच्या आत शेवटची लादी बसलेली असावी. शिमग्याला पालख्या निघाल्या की सुतार, गवंडी, हेल्पर कुणीच कामावर मिळत नाही, आणि मिळू नयेही. त्यांच्याही घरी देव येतो. मग मे उजाडतो तो मुंबईची माणसं आणि आंबे घेऊन. घर फोडून ठेवायचे ते दिवस नव्हेत. जूनमध्ये आगोट, म्हणजे पावसाची सुरुवात, लागली की प्लास्टर वाळत नाही, प्लायवूड ओल धरतं, रंगाचा दुसरा हात द्यायला चार-चार दिवस थांबावं लागतं. तेव्हा अलिबाग, रत्नागिरी, मालवण, कुठेही राहत असा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढीच मुदत धरा आणि ग्रॅनाइट, सिंक, ट्रॉल्या यांची निवड दसऱ्यापर्यंत उरकून ठेवा.

मोकळं स्वयंपाकघर म्हटलं की हॉलकडची भिंत पाडायची, असं हल्ली सगळे धरूनच चालतात. मला ते पटत नाही. आपल्याकडे खोली कोंदट होते ती साचलेल्या हवेने आणि भरलेल्या ओट्याने. वारा आरपार गेला, ओट्यावर पोळपाट आणि परात एकदम मावली, की सात बाय नऊची खोलीसुद्धा पुरते. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी जे स्वयंपाकघर आखलं, ते होतं जेमतेम १.९ बाय ३.४ मीटर, म्हणजे आपल्या हिशेबात सव्वासहा बाय अकरा फूट. काम करताना पावलं कुठे पडतात, हात कुठे जातो, हे मोजून त्यांनी ओटा, खण आणि फळ्या ठरवल्या. आपलीही सुरुवात तिथूनच व्हायला हवी. आठवडाभर, रोजचा स्वयंपाक जी व्यक्ती करते तिच्या मागे वही घेऊन उभं राहायचं आणि लिहायचं: फ्रिजमधून काढलेली भाजी कुठे ठेवली जाते, धुतलेली भांडी कुठे निथळतात, मिक्सर लावायला काय काय उचलून बाजूला करावं लागतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना चुलीची दिशा, देव्हारा याबद्दल काही म्हणायचं असेल तर तेही याच आठवड्यात विचारा. ग्रॅनाइट कापून झाल्यावर तो विषय निघाला तर कुणाचंच भलं होत नाही.

या वहीत नारळाला वेगळं पान द्या. ज्या घरात रोज एक वाटी तरी खोबरं खवलं जातं, तिथे खवायची जागा ठरवल्याशिवाय ओट्याची आखणी पुरी होत नाही. आडोळीवर, म्हणजे खवणी असलेल्या विळीवर, खवणारी बाई एक पाय मुडपून पाटावर बसते, पुढ्यात ताट, डावीकडे फोडलेली भकलं, उजवीकडे करवंट्या. एवढ्याला भिंतीपासून अडीच-तीन फूट जमीन मोकळी लागते आणि ती वाटेत नसावी लागते. खिडकीखालचा कोपरा याला उत्तम. ओट्याखालच्या त्या कोपऱ्यात ट्रॉली बसवू नका. जमिनीलगत एक उघडा खण ठेवा, म्हणजे आडोळी पात्यासकट सरळ आत सरकते आणि लहान मुलांच्या पायात येत नाही. उभ्याने खवायची सवय असेल तर ओट्याला घट्ट बसणारी खवणी लागते. तिला कड पकडायला जागा हवी, म्हणून त्या बाजूला ग्रॅनाइटची पट्टी थोडी बाहेर काढून घ्या. पाटा-वरवंटाही टाकू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. मिक्सरवर सगळी भिस्त ठेवलेलं स्वयंपाकघर अशा वेळी अडतं.

मासळीचं तसंच. ती साफ करायची जागा आणि भांडी घासायची जागा एकच असली की सिंकमधला वास दुपारपर्यंत हटत नाही. ड्राय बाल्कनी असेल तर तिथे खाली एक नळ आणि छोटी मोरी काढून घ्या. विळीवर बसून बांगडे तिथे कापता येतात, खवले तिथेच राहतात. बाल्कनी नसेल तर सिंक एकच पण खोल घ्या. नऊ-दहा इंच खोल, चोवीस बाय अठराचं सिंक असलं की मोठा टोप आडवा धुता येतो आणि पाणी अंगावर उडत नाही. दोन उथळ भांड्यांचं सिंक दुकानात छान दिसतं. त्यात सोलकढीचं पातेलंही धड बसत नाही.

आता बेगमी. आगोटीआधी घरात काय काय भरलं जातं त्याची यादी करा आणि प्रत्येकापुढे डबा किंवा बरणीची उंची लिहा: उकडा तांदूळ, कुळीथ, वर्षाचा मसाला, आमसुलं, आगळाच्या बाटल्या, पापड-फेण्या, सुके बोंबील, सोडे, तळलेले गरे. बाजारात तयार मिळणाऱ्या ट्रॉल्या ताटं-वाट्यांच्या मापाने केलेल्या असतात, त्यांत वीस किलोचा तांदळाचा डबा जात नाही. जड डबे आणि चिनी मातीच्या बरण्या खालीच हव्यात, त्यांच्यासाठी कडप्प्याचे उघडे खण करा. माळ्यावर हलकं आणि वर्षातून एकदा लागणारं तेवढंच. सुक्या मासळीसाठी घट्ट झाकणाचे डबे आणि चुलीपासून लांबचा, भिंतीला ओल न येणारा कोपरा राखून ठेवा.

भिंतीला हात लावण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या. किचनची जागा बदलून ती खालच्या घराच्या झोपायच्या खोलीवर येणार असेल तर तो विचारच सोडा. गळती झाली की शेजार तुटतो. मग इंजिनिअरला बोलवा. ठेकेदाराचं ‘काही होत नाही’ इथे चालणार नाही. आपल्याकडच्या अनेक इमारतींत भिंती चिऱ्याच्या आहेत आणि जुन्या दुमजली-तिमजली इमारतींत या चिऱ्याच्या भिंतींवरच स्लॅब टेकलेला असतो. ती भिंत पाडणं म्हणजे वरच्या घराचा आधार काढणं. खांब-तुळयांची इमारत असेल आणि मधली भिंत नुसती आडोशाची असेल, तरीही मी म्हणेन की सगळी पाडू नका. ओट्याच्या उंचीपासून वर तीन-साडेतीन फुटांची खिडकी काढा. उजेड येतो, ताट पुढे करता येतं, बाहेर बसलेल्यांशी बोलता येतं आणि खालच्या अर्ध्या भिंतीला लागून खण करता येतात. शिवाय सरंग्याच्या तुकड्या तळताना ती खिडकी लावूनही घेता येते.

इंजिनिअर आलाच आहे तर त्याला छत ठोकून पाहायला सांगा. समुद्राकाठी खारी हवा काँक्रीटमध्ये शिरते, आतली सळई गंजते, गंजून फुगते आणि प्लास्टर ढलप्यांनी सुटतं. तुळईवर तांबूस डाग, लांबट चीर, ठोकल्यावर पोकळ आवाज यांपैकी काहीही आढळलं तर आधी ती दुरुस्ती, मग फर्निचर. नव्या प्लास्टरसाठी येणारी वाळू खाडीची नाही ना, हे उतरवताना स्वतः बघा. खाडीच्या वाळूत मीठ असतं. ती वापरलेल्या भिंतीला पहिल्याच पावसाळ्यात पांढरा क्षार फुटतो आणि रंग पापुद्र्यांनी निघतो. धुतलेली नदीची वाळू नाहीतर क्रश सँड घ्या.

सामान निवडताना मी सगळ्यात जास्त वेळ द्यायला सांगेन तो दारांच्या आतल्या बाजूला. बाहेरचा लॅमिनेट सगळेच निरखतात. पावसाळ्यात ओट्याखालचं दार उघडून बोट फिरवा: बिजागरीच्या स्क्रूभोवती तपकिरी कडं, मागच्या फळीवर करड्या बुरशीचे ठिपके आणि पाइप भिंतीत शिरतो तिथे फुगलेली कड. भुसा दाबून केलेलं पार्टिकल बोर्ड इथे टिकत नाही. ओट्याखाली लाकूडच नको, कडप्प्याच्या उभ्या-आडव्या लाद्यांचा सांगाडा करा. त्याला वाळवी लागत नाही, तो फुगत नाही, धुता येतो. दारांना आणि वरच्या कपाटांना आयएस ७१० या भारतीय मानकाचं, ओलीत टिकणारं मरीन प्लाय, किंवा सिंकखाली डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेली फळी. कापलेली प्रत्येक कड बंद झाली पाहिजे, सिंकच्या पाइपासाठी पाडलेलं भोकसुद्धा. बिजागऱ्या, चॅनल, जाळीच्या बास्केट स्टेनलेसच्या ३०४ ग्रेडच्या घ्या आणि बिलावर ग्रेड लिहून मागा. चुंबक लावून बघण्यात अर्थ नाही, कारण स्वस्तातल्या २०२ ग्रेडलाही चुंबक धड चिकटत नाही, आणि खाऱ्या हवेत गंजतं ते तेच. घर अगदी समुद्रासमोर असेल तर खिडकीजवळच्या वस्तूंना ३१६ ग्रेड परवडवा. तिच्यात मॉलिब्डेनम असल्यामुळे ती मिठाला जास्त दाद देत नाही. भिंतीवरची जुनी स्टीलची मांडणी मात्र काढून देऊ नका. तिच्यातून वारा फिरतो, भांडी कोरडी राहतात, आणि खोली भरल्यासारखी दिसत नाही.

ओट्याच्या वर ग्रॅनाइटच. कडप्पा हा चुनखडीचा दगड, मार्बलही त्याच जातीतला. कोकम, चिंच, लिंबू सांडून राहिलं की दोन्हींवर चट्टे पडतात. ओट्याची उंची दुकानदाराला विचारू नका. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचं कोपर दुमडून जमिनीपासून मोजा आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करा. पाच फुटांच्या बाईला साधारण बत्तीस इंच येतात. ओटा पुढच्या कडेपासून भिंतीपर्यंत दोन फूट. समोरच्या भिंतीला फळ्या करायच्या तर बारा ते पंधरा इंचांहून जास्त पुढे आणू नका, मधे निदान तीन-साडेतीन फूट राहिले तरच एक जण खाली बसलेला असताना दुसऱ्याला मागून जाता येतं. ग्रॅनाइटच्या पुढच्या कडेला खालून एक बारीक खाच मारून घ्या, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथेच ठिबकतं आणि दारांवर उतरत नाही. लाद्यांच्या सांध्यांत साध्या सिमेंटऐवजी इपॉक्सी भरा. त्यावर हळद आणि बुरशी सहसा धरत नाहीत.

वाऱ्यासाठी खिडकी बदलायची तयारी ठेवा. दोन सरकत्या काचांची खिडकी अर्ध्याहून जास्त उघडत नाही. बाहेर उघडणाऱ्या झडपा पूर्ण उघडतात. वर छज्जा हवाच, कारण पावसाळ्यात झड नैर्ऋत्येकडून आडवी येते. एक्झॉस्ट फॅनचं तोंडही त्या दिशेला नको, नाहीतर वाऱ्याच्या झोतात तो धूर बाहेर ढकलायच्या ऐवजी ओट्यावरच परत आणतो. पर्याय नसेल तर आपोआप मिटणाऱ्या पट्ट्यांचा आणि प्लॅस्टिक बॉडीचा घ्या. चिमणी घेणार असाल तर पाइप बाहेर काढता येणारीच, आणि पाइपला वळणं कमीत कमी. वरची बंद कपाटं एकाच भिंतीवर करा. खिडकीची भिंत कोरी राहू द्या. खोली मोठी वाटते ती एवढ्यानेच.

गॅसचं थोडक्यात. सिलिंडर उभाच राहील आणि शेगडीहून खाली असेल अशी जागा. दाराला तळाशी जाळी हवीच, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, पाच वर्षांनी बदला. वायरमनला फ्रिज, मिक्सर, ओव्हन, फिल्टर, इंडक्शन यांची यादी द्या. जड उपकरणांना १६ अँपिअरचे वेगळे पॉइंट, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारी कळ. ओल्या हातांच्या घरात तिच्यावर पैसे वाचवू नयेत. नळाला पाणी ठरावीक वेळीच येत असेल तर पिण्याच्या पाण्याच्या पिंपाची जागाही आखणीतच धरा.

खर्चाचा अंदाज मजुरी वेगळी, माल वेगळा असा लिहून घ्या, आणि त्याच्या दहाव्या-पंधराव्या भागाइतकी रक्कम बाजूला ठेवा. जुनी लादी उचकटल्यावर खाली काय निघेल ते आधी कळत नाही. पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणे द्या. राबिट, म्हणजे फोडकामाचा मलबा, कोण, कुठून, कधी उतरवणार हे सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलून ठरवा. काम चालू असताना गॅलरीत इंडक्शन, एक कुकर, एक तवा आणि बादली एवढंच मांडा. पेजेवर आणि मेतकूट-भातावर काही दिवस सहज निघतात, पण घरात आजारी किंवा म्हातारं माणूस असेल तर दुपारच्या डब्याची सोय आधी लावा.

आणि प्लंबरने पाइप टाकले की लगेच लादी लावू देऊ नका. नळांची तोंडं बंद करून पाणी दाबाखाली एक दिवस-रात्र भरून ठेवा, सांधे कोरड्या कागदाने पुसून बघा. त्यानंतर उघड्या भिंतींचे, पाइप आणि वायर दिसतील असे, शेजारी मेजरटेप धरून फोटो काढा आणि छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. पुढे मांडणीसाठी भोक पाडायला येणाऱ्याला ते दाखवता येतात.