‘जनरल’चं ‘ऑनरेबल’ कसं झालं

अमेरिकी सैन्यातून न्यू जर्सीला घरी आलो, तेव्हा डीडी-२१४ वर, म्हणजे सेवामुक्तीच्या दाखल्यावर, ‘जनरल’ डिस्चार्ज लिहिलेला होता, ‘ऑनरेबल’पेक्षा एक पायरी खालचा. जीआय बिलातून, म्हणजे माजी सैनिकांना मदत देणाऱ्या कायद्यातून, कॉलेजची फी मिळायला ‘ऑनरेबल’च लागतो. आईला काय सांगणार?

डिस्चार्ज बदलून मिळावा म्हणून रिव्ह्यू बोर्डाकडे, म्हणजे डिस्चार्जचा फेरविचार करणाऱ्या मंडळाकडे, पहिला अर्ज मी रागाच्या भरात लिहिला, पुरावा एकही नाही. फेटाळला गेला.

मग शांतपणे सर्व्हिस रेकॉर्ड आणि वैद्यकीय कागद मागवले. झोप उडाल्याच्या, दचकून उठण्याच्या नोंदी तेव्हाच्याच होत्या! पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवानंतर जडणारा मानसिक आजार, असेल तर रिव्ह्यू बोर्डाने अर्ज उदारपणे पाहावा, अशी संरक्षण खात्याची २०१७ ची सूचना आहे. तिचा आधार घेऊन प्रत्यक्ष सुनावणी मागितली. फॉर्म तोच, डीडी-२९३. मात्र डिस्चार्जपासून १५ वर्षांच्या आतच.

नवा डीडी-२१४ आईनेच उघडला.