शिवारावर पिवळा रंग पडला तर : मास्टर प्लॅनवर हरकत कशी घ्यावी

मास्टर प्लॅन म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची हे रंगांनी दाखवणारा आराखडा. बुडाचा (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा) सुधारित मास्टर प्लॅन हरकतींसाठी प्रसिद्ध झाला की मुदत मिळते ६० दिवसांची. कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा, १९६१ च्या कलम १३ मध्ये ती दिली आहे. साठ दिवस पुष्कळ वाटतात. पण ताजे उतारे, मोजणीचा नकाशा आणि भाऊबंदांच्या सह्या यांतच निम्मे निघून जातात. उताऱ्यावर अजून वडिलांचंच नाव असेल तर वारसा नोंदीला आजच लागा.

आधी आपला तुकडा शोधा. साधारणपणे पिवळा रंग रहिवासी, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक, लाल सार्वजनिक. तरी त्या नकाशाची रंगसूची पाहिल्याशिवाय काही ठरवू नका. शेतात उभं राहून मोबाईलवर कर्नाटक सरकारचं दिशांक ॲप उघडलं की पायाखालचा सर्व्हे नंबर दिसतो. बांधालगत मात्र ते फसवतं, काही मीटर इकडेतिकडे होतात. शेताच्या मधोमध जाऊन पाहा आणि गाव नकाशाशी ताडून घ्या.

नकाशाचं प्रमाण समजून घेणं फार गरजेचं आहे. १:१०,००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे दहा मीटर, जवळपास ३३ फूट. आपला गुंठा ३३ बाय ३३ फुटांचा, म्हणजे नकाशावर मोहरीच्या दाण्याएवढा! अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर १६ फूट खाते. त्यामुळे रस्त्याची रेघ तुमच्या विहिरीवरून जाते की शेजारून, हे डोळ्यांनी ठरत नाही. त्या रस्त्याची रुंदी आणि बाधित सर्व्हे नंबरांची यादी लेखी मागा. झेरॉक्सवर पट्टी लावून मोजू नका, कारण छोट्या कागदावर उतरवताना प्रमाण बदलतं. मोजायचंच असेल तर नकाशावर छापलेल्या मापपट्टीशी तुलना करा.

आता हरकतीचा मजकूर. ‘आमची सुपीक जमीन वाचवा’ एवढं लिहिलं तर उत्तरही तसंच मोघम येतं. वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात बळ्ळारी नाल्याचं पाणी पिकात शिरतं, तिथे पाण्याचा हिशेब मांडा. दहा एकरांवर एक इंच पाऊस पडला की सुमारे दहा लाख लिटर पाणी होतं. भाताच्या वाफ्याला अर्ध्या फुटाचा बांध असतो. आत आधीच तीन इंच पाणी असलं तरी वर तीन इंच जागा उरते, आणि हा पाऊस शेतातच थांबतो. तिथे घरं, फरशा, डांबरी रस्ते झाले की त्यातलं सत्तर टक्के पाणी वाहून गेलं असं धरलं तरी सात लाख लिटर नाल्यात उतरतात. दहा हजार लिटरचे सत्तर टँकर एकदम रिकामे करावेत तसं. आधीच तुडुंब असलेला नाला ते खालच्या शेतांत ढकलतो.

सांडपाणीही मोजा. निम्मी जागा रस्ते आणि मोकळ्या जागांना गेली असं धरलं तर एकरी ३० बाय ४० फुटांचे १८ प्लॉट पडतात. दहा एकरांत १८० घरं, घरटी पाच माणसं, माणशी १३५ लिटर पाणी : रोज १,२१,५०० लिटर. त्याच्या ८० टक्के सांडपाणी होतं, म्हणजे सुमारे ९७ हजार लिटर. ते कुठे शुद्ध होणार, आणि प्यायचं पाणी राकसकोप की हिडकल जलाशयातून किती वाढवून मिळणार, हे दोन प्रश्न हरकतीत थेट विचारा.

शेवटी मागणी एका वाक्यात लिहा : ‘सर्व्हे नंबर अमुकचा प्रस्तावित रहिवासी विभाग रद्द करून शेती विभाग कायम ठेवावा.’ उतारा, गाव नकाशा आणि तारखेसह पुराचे फोटो जोडा. शेजारच्या विजेच्या खांबावर पाणी कुठवर चढलं ते दिसणारा एक फोटो शंभर विशेषणांपेक्षा भारी पडतो. मराठीत लिहिलं तरी कन्नड किंवा इंग्रजी प्रत सोबत ठेवा. भाषेच्या कारणाने अर्ज पडून राहायला नको.

दरवेळी हमखास होणारी चूक म्हणजे पाचशे सह्यांचं एकच निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना देऊन घरी येणं. मोर्चा काढा, निवेदनही द्या, पण कायद्याने विचारात घ्यायची हरकत नियोजन प्राधिकरणाकडेच, म्हणजे बुडाकडेच, जायला हवी. प्रत्येक खातेदाराने स्वतंत्र अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. पुढे काय निर्णय झाला ते कळलं नाही तर दहा रुपये भरून माहिती अधिकारात विचारा.

उद्यान किंवा सार्वजनिक कामासाठी आरक्षण पडलं असेल तर कलम ६९ लक्षात ठेवा : अंतिम आराखडा राजपत्रात आल्यापासून पाच वर्षांत जमीन घेतली नाही किंवा संपादन सुरूच केलं नाही, तर ते आरक्षण संपतं. पिवळ्या रंगाला हे लागू नाही. तो विभाग आहे, आरक्षण नव्हे. राजपत्राची ती तारीख उताऱ्याच्या मागे पेनाने लिहून ठेवा.